रंगपेटी आपली आपण न्यावी

ओवे म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे खारघरच ना? खारघर आमच्या नंतर आलं. १९७० च्या सुमारास सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली, भातशेतीचे सेक्टर झाले आणि गाव तेवढं मध्ये राहिलं. मी तिथली, आगरी घरातली, रंगाने काळी. पनवेलला कॉलेज करता करता एकांकिका केल्या आणि आता नाटक हेच काम धरलं आहे. आसपासच्या गावांतल्या मुली विचारायला येतात: ताई, आम्हाला जमेल का, घरचे सोडतील का, आणि मग जरा खालच्या आवाजात, रंगाचं काय? त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. रंगाचा प्रश्न भाषणांनी सुटताना मी पाहिलेला नाही. तो पात्रवाटपात, मेकअपच्या टेबलावर, दिव्याच्या जेलमध्ये आणि तालमीच्या वेळापत्रकात बसलेला असतो. हात तिथे घालावा लागतो.

१. पहिल्या वाचनाला दोन्ही भूमिका वाचायला मागाव्यात.

संहिता हातात येते तेव्हा दिग्दर्शकाच्या डोक्यात अर्धं पात्रवाटप झालेलं असतं. मोलकरीण, कातकरीण, दारुड्याची बायको, नायिकेची गावाकडची मैत्रीण ही पानं न मागता आमच्याकडे सरकतात. वकील, डॉक्टर, नायकाची प्रेयसी दुसऱ्या बाजूला जातात. "तू काळी आहेस म्हणून" असं तोंडावर कुणी म्हणत नाही. "तुझा चेहरा मातीतला आहे" असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला ते मनापासून कौतुक वाटत असतं. यावर वाद घालून उपयोग नाही, कारण आपल्या हातात काहीच नसतं. त्यापेक्षा सगळ्यांसमोर सरळ विचारायचं, "सर, मी दोन्ही वाचून दाखवू का?" नाही म्हणायचं तर त्यांना कारण द्यावं लागतं. हो म्हटलं तर अख्ख्या टीमने ऐकलेलं असतं. मोलकरणीची भूमिका हलकी असते असं माझं म्हणणं नाही. नीट लिहिलेली असेल तर ती वकीलबाईंना खाऊन टाकते. दर वर्षी तीच पदरात पडते, हरकत त्याला आहे.

२. रंगपेटी आपली आपण न्यावी.

एकांकिका स्पर्धेतली मेकअप रूम ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रंगभूषाकार एक, पात्रं बारा-पंधरा, बाहेर आधीच्या कॉलेजचं नेपथ्य निघतं आहे आणि आपल्या लेव्हल्स विंगेत येऊन पडल्या आहेत. टेबलावर पॅनकेकचे दोन-तीन डबे, तेही गोरा आणि गव्हाळ यांच्या मधले. तोच ओला स्पंज सगळ्यांच्या तोंडावरून फिरतो. माझ्या चेहऱ्यावर तो पॅनकेक बसला की आरशाभोवतीच्या पिवळ्या बल्बांत बरा दिसतो. स्टेजवर निळा दिवा आला की चेहरा चुलीतल्या राखेसारखा होतो आणि मान, कान, हात आपल्या मूळ रंगात राहतात. प्रेक्षकाला मुखवटा दिसतो. मग परीक्षक लिहितात, "चेहऱ्यावरचे भाव कमी पडले."

म्हणून आपला बेस आपण घ्यायचा. दादरला नाटक-सिनेमाचं मेकअप सामान मिळतं तिथे जाऊन जबड्याच्या कडेला लावून बघायचा, मनगटावर नाही. दुकानाबाहेर उजेडात येऊन बघायचा. दुकानदार एक शेड उजळ सुचवतो, तो हसून परत करायचा. बेस आपल्याच रंगाचा हवा, काम फक्त चट्टे झाकायचं. वरून पांढरी पावडर अजिबात नको, घामात ती राखाडी दिसते. किंचित पिवळसर घ्यावी. नुसत्या काजळाने आमचे डोळे मागच्या रांगेतून दिसत नाहीत, काळ्यावर काळं जातं. खालच्या पापणीच्या आत फिक्या बदामी पेन्सिलची रेघ ओढली की डोळे उघडतात. गालाला गुलाबीऐवजी विटकरी, ओठांना गडद मरून. आणि रंगभूषाकाराशी भांडायचं नाही. तो सकाळपासून उभा असतो. "दादा, बेस मी करून आलेय, डोळ्यांचं तेवढं तुम्ही बघा" म्हटलं की त्यालाही सुटल्यासारखं होतं. एक-दोघांनी पुढे माझ्या डब्याचा नंबर लिहून घेतला.

३. दिवा कुठून येतो ते कळलंच पाहिजे.

हे कॉलेजात मुलींना कुणी शिकवत नाही. कपडेपट, प्रॉपर्टी, केशभूषा आमच्याकडे, आणि लाइट्सच्या टेबलावर कायम मुलगे. मी हट्टाने तिथे जाऊन बसले आणि त्यामुळे जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्याच शिबिराने झाला नाही. समोरून सपाट पांढरा उजेड पडला की काळा चेहरा चपटा दिसतो. तोच उजेड बाजूच्या विंगेतून तिरका आला की गालाचं हाड, नाक, कपाळ उठून येतं. स्ट्रॉ किंवा फिका अंबर जेल लावला की आमची त्वचा अशी काही चमकते की गोऱ्या मुलींनी हेवा करावा. स्टील ब्लूमध्ये ती विझते. रात्रीचा प्रसंग असला तरी निळ्याबरोबर बाजूने थोडा उबदार दिवा मिसळता येतो, त्याने रात्र बिघडत नाही. मागे काळा पडदा, अंगात गडद लुगडं आणि पाठीमागून दिवा नाही, असं झालं की मुलगी पडद्यात विरघळते. अशा वेळी बॅकलाइट मागायचा. तो मिळत नसेल तर निदान लुगड्याचा रंग बदलून घ्यायचा.

मागायचं कसं, तर "मी नीट दिसत नाही" असं नाही. तसं म्हटलं की तो नटीचा नखरा ठरतो. तांत्रिक तालमीला मिनिटं मोजून मिळतात, त्यात आपल्या जागेवर जाऊन उभं राहायचं आणि "फोकस इथे मारून बघू या, डावीकडून तीस टक्के वाढवा" असं बोलायचं. आकड्यात बोललेलं लाइटवाल्याला कळतं. ज्या मुलीला डिमर चालवता येतो तिला भूमिका नसली तरी टीम सोडत नाही, हा वरचा नफा.

४. गोऱ्या मुलीला काळा रंग फासून आदिवासी करणाऱ्या टीममध्ये फार काळ राहू नये.

पनवेल, कर्जत, पेण हा ठाकर-कातकऱ्यांचा मुलूख. त्यांच्या वेठीवर, स्थलांतरावर, वीटभट्टीवर आमच्या भागात दर मोसमात एखादी तरी एकांकिका होते. त्यात मुख्य कातकरीण उजळ मुलगी असते, तिला हातापायांना तपकिरी पॅनकेक थापून, केस विस्कटून उभी करतात. आणि जिला काही फासावं लागलं नसतं ती मागे झुंडीत पाटी घेऊन. स्मिता पाटीलनी १९७७ च्या 'जैत रे जैत'मध्ये ठाकरांची चिंधी केली तेव्हा त्यांचा सावळा चेहरा कुणाला झाकावा लागला नाही. कोल्हापूरच्या उषा जाधवना 'धग'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. छाया कदम नाटकातून आल्या आणि २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणाऱ्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये आहेत. ही नावं मी दिग्दर्शकांना ऐकवत नाही, त्यांना ती पाठ असतात. घरी आत्या-मावश्या "त्या लाइनीत गोऱ्याच लागतात" म्हणतात तेव्हा मात्र उपयोगी पडतात.

५. निघायची वेळ पहिल्या दिवशी सांगून टाकावी.

माझ्या अनुभवात काळ्या रंगाने जेवढ्या भूमिका गेल्या त्याहून जास्त घड्याळाने गेल्या. तालमी कॉलेज सुटल्यावर सुरू होतात, त्यातला पहिला तास चहा आणि टवाळीत जातो, आणि खरा प्रसंग उभा राहतो रात्री साडेआठ-नऊला. त्या वेळी गावाकडच्या मुली बॅग उचलतात. दिग्दर्शक वैतागतो, आणि हळूहळू मोठ्या भूमिका हॉस्टेलवाल्या किंवा स्टेशनजवळ राहणाऱ्या मुलींकडे जातात. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो.

आमचा रस्ता नीट समजून घ्या. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली, तिची स्टेशनं आमच्या बाजूला पेठपाडा, अमनदूत अशी आली, गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण ही मेट्रो खारघर रेल्वे स्टेशनला लागत नाही. पनवेलहून लोकलने येणाऱ्या मुलीने खारघर ओलांडून बेलापूरला जायचं आणि मेट्रोने उलटं मागे यायचं. सुरू झाली तेव्हा शेवटची गाडीही रात्री दहाची होती. नाहीतर खारघरला उतरून रिक्षा, तीही रात्री ओव्याचं नाव काढलं की मीटर बंद.

आम्ही मुलींनी मिळून एक केलं. पहिल्याच बैठकीत प्रत्येकीने आपली शेवटची गाडी फळ्यावर लिहिली. मग मुलींचे प्रसंग साडेपाचला आणि मुलांचा झुंडीचा प्रसंग शेवटी असं वेळापत्रक ठरलं. कुरकुर झाली. पण चहाचा तास आपोआप संपला आणि नाटक लवकर उभं राहिलं, त्यामुळे पुढच्या वर्षी कुणी विषय काढला नाही. एकट्या मुलीने "मला लवकर जायचंय" म्हटलं की तो हट्ट होतो. सहाजणींनी लिहिलं की ते वेळापत्रक होतं.

घरच्यांचं म्हणाल, तर त्यांना समजावण्यापेक्षा प्रयोगाला आणावं. पनवेलच्या फडके नाट्यगृहात आमचा प्रयोग होता तेव्हा आयस पहिल्यांदा आली, शेजारच्या दोन काक्यांना घेऊन. संपल्यावर म्हणाली, "मना काय सगला कलला नाय बाय, पन तू बोलत होतीस तवा सगली गप होती." त्यानंतर उशीर झाला की फोनवर "कुठं आहेस" एवढंच विचारते, "कशाला गेलीस" विचारत नाही. (ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह ते आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके आमच्याच तालुक्यातल्या शिरढोणचे, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. दुसऱ्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिन. पनवेलच्या नाटकवाल्यांनी या लागोपाठच्या दोन दिवसांचं काहीतरी करायला हवं असं मला दर वर्षी वाटतं.)

६. हजेरी आणि एटीकेटी.

थोडक्यात: नाटकाचा मोसम आणि परीक्षेचा मोसम एकच असतो. पावसाळ्यात विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि आयएनटीची एकांकिका स्पर्धा, पाठोपाठ सेमिस्टर, मग लोकांकिका आणि आमच्या पनवेलचा अटल करंडक, आणि फारच नशीब उघडलं तर २५ जानेवारीच्या रात्री सवाई एकांकिका. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे तो आहे. सांस्कृतिक विभागाकडून तालमीच्या दिवसांचं पत्र त्याच आठवड्यात सही करून घ्यावं, मार्चमध्ये कुणाला काही आठवत नाही. आणि एटीकेटी लागू देऊ नये, कारण मुलाला लागली तर "नाटकात होता ना" म्हणतात आणि मुलीला लागली तर नाटक बंद होतं.

७. आगरी सोडू नये, प्रमाण मराठीही सोडू नये.

वाचिक अभिनयाच्या शिबिरात पहिल्याच दिवशी माझे ळ आणि ण निघाले. आमच्या घरात काळा नसतो, काला असतो. पाणी नसतं, पानी असतं. मी आरशासमोर, लोकलमध्ये, धुणं वाळत घालताना ळ आणि ण घटवले, कारण वकीलबाईंची भूमिका मागायची तर त्या वकीलबाई बोलतात तशा बोलता आल्या पाहिजेत. यात मला अपमान वाटला नाही. गायकाला सूर लावायला सांगतात तसंच आहे.

अपमान पुढे असतो. आगरी बोलायला सांगतात ती हशासाठी. पहिलं वाक्य बोललं की प्रेक्षागृह हसायला लागतं, वाक्यात विनोद असो नसो. हळदी-लग्नातला दारू प्यालेला काका, सोन्याने मढलेली काकू, जमिनीच्या पैशांची गाडी, एवढ्यात आमची भाषा संपते. एकदा एका प्रसंगात मेलेल्या भावाबद्दल आगरीत बोलायचं होतं. प्रेक्षक सवयीने हसले. मी थांबले, हसू विरेपर्यंत थांबले, आणि पुढचं वाक्य अर्ध्या आवाजात टाकलं. मग शांत झाले. तंत्र म्हणून सांगते: हशावर चढून बोलायला जाऊ नये आणि रागावूही नये. त्यांचं हसू त्यांच्याच अंगावर येईपर्यंत वाट बघावी. वेळ लागतो, पण येतं.

ऑडिशनला मुली 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं बेणारेचं शेवटचं स्वगत करतात. नाटक १९६७ चं, स्वगत अजरामर, पण निवड करणाऱ्याने ते सकाळपासून इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचे ओठ आपल्याबरोबर हलतात. दुसरं काहीतरी बसवावं. 'वाडा चिरेबंदी'तली प्रभा बघा, शिकायचं राहून गेलेली मुलगी. सुषमा देशपांडे यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' बघा, एकटीने अख्खा प्रयोग कसा पेलायचा ते त्यात कळतं. आणि एक तुकडा आपल्या बोलीतला ठेवावा, गंभीर.

८. आपल्या आधी कोण होतं ते माहीत असावं.

मराठी रंगभूमीवर बहुतेक मंडळ्यांत स्त्री-भूमिका पुरुष करत होते त्या काळात हिराबाई पेडणेकर नाटकं लिहीत होत्या. कलावंतिणीच्या घरातली बाई, आणि तिचं 'संगीत दामिनी' १९१२ मध्ये ललितकलादर्शने रंगमंचावर आणलं. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या, आणि घरंदाज स्त्रियांनी पुरुषांबरोबर स्टेजवर उभं राहायला तेव्हा कुठे सुरुवात झाली असं आपण शिकतो. माझ्या मनात घरंदाज शब्दापाशी नेहमी अडतं, कारण तमाशाच्या फडात बाया त्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या होत्या, त्यांत दलित घरांतल्या कितीतरी. त्यांचं नाव नाटकाच्या इतिहासात नंतर आणि वेगळ्या प्रकरणात येतं. तिकडे अमेरिकेत लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आलं, कृष्णवर्णीय स्त्रीचं तिथे आलेलं पहिलं नाटक. ती तेव्हा २८ वर्षांची होती. त्यात घर आहे, विम्याचे पैसे आहेत, आणि डॉक्टर व्हायला निघालेली कॉलेजातली मुलगी आहे. जमिनीचे पैसे आल्यावर आमच्या गावांतल्या घरांत जे झालं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते नाटक परकं वाटणार नाही.

९. पैसे आणि तक्रार, दोन्ही लेखी.

व्यावसायिक नाटकात नव्या मुलीला नाईट किती हे विचारायला लाज वाटते. विचारावं, आणि ठरलेलं निदान मेसेजवर घ्यावं. कॉलेजच्या एकांकिकेत वर्गणी काढताना मुलींच्या साड्या-दागिने "घरूनच आणा" म्हणतात, तोही खर्चच असतो, तो वहीत मांडायला सांगावा. कुणी हात लावला, रात्रीचे मेसेज पाठवले, तर कॉलेजमध्ये अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, यूजीसीचे २०१५ चे नियम त्यासाठी आहेत. बाहेरच्या छोट्या नाट्यसंस्थेत दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तालमीच्या ग्रुपवर हे एकदा टाकून ठेवावं, कुणावर बोट न दाखवता. नुसतं टाकल्यानेही काही जणांचे रात्रीचे मेसेज बंद होतात.

१०. फाइल ठेवावी.

दिल्लीच्या एनएसडीला अर्ज करताना पदवी आणि किमान सहा नाटकांतला सहभाग दाखवावा लागतो. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पुण्यात ललित कला केंद्र. तिथेही आधीचं काम विचारतात. प्रमाणपत्रं, प्रयोगाच्या जाहिराती, नाव छापलेली पत्रिका हे सगळं पहिल्या वर्षापासून जमवावं. बॅकस्टेजचं कामही नाव घालून मागावं. मुलीने केलेली प्रकाशयोजना पत्रिकेत "साहाय्य" म्हणून छापली जाते, तिथेच प्रूफ मागून दुरुस्त करून घ्यावं. फोटो काढताना मात्र एक बघावं: मोबाइलवाले हौशी मित्र आपल्याला फिल्टर लावून उजळ करतात. ते फोटो पाठवले आणि ऑडिशनला मी प्रत्यक्ष गेले तर समोरचा दोनदा यादी बघतो. आहे तसा फोटो पाठवावा, वेळ वाचतो.

११. लिहायला घ्यावं.

आपल्यासाठी कुणी भूमिका लिहील म्हणून थांबलं तर पाटी घेऊन झुंडीतच उभं राहावं लागतं. मी आणि कॉलेजातल्या दोघी मिळून एक एकांकिका लिहिली आहे. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाचजण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. त्या रात्री घरात राहिलेल्या बायांनी काय केलं हे मात्र कुठे लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलत बसलो आणि त्यातून तीन आज्या उभ्या राहिल्या. संवाद आगरीत आहेत आणि विनोद थोडे आहेत, तेही आज्यांचे. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे गेली आहे, प्रमाणपत्र आलं की तालमी.

पात्रवाटपाच्या दिवशी नव्या पनवेलमधली एक मुलगी आली होती, गोरीपान. धाकट्या आजीचं पान तिने इतकं सुरेख वाचलं की आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "मला काळं करावं लागेल ना?" मी म्हटलं, नाही, आगऱ्यांत गोऱ्या आज्याही असतात. तू तुझा ळ तेवढा घरी ठेवून ये.